गृहभेट: फोल्डर उघडण्यापासून रेफरलची चिठ्ठी परत येईपर्यंत

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या कम्युनिटी पोस्टिंगच्या (वस्तीतल्या घरांना भेटी देऊन काम शिकण्याच्या काळातल्या) केस बुक, म्हणजे भेटींच्या नोंदवह्या, तपासताना एक वाक्य पानोपानी भेटतं: ‘कुटुंबास आरोग्य शिक्षण दिले.’ कोणाला दिलं, नेमकं काय दिलं, त्यातलं त्यांच्या हाती काय राहिलं आणि पुढे ते लोक आरोग्य केंद्रात पोचले का, यातलं त्या वाक्यात काहीही नसतं. विद्यार्थ्यांना विषय येत नाही असं नाही. बहुतेकांचा तो तोंडपाठ असतो. चुकतो तो क्रम. विषय आधी ठरतो आणि घर नंतर बघितलं जातं. बोलणं आधी होतं, ऐकणं राहून जातं. आणि दाराबाहेर पाऊल पडलं की भेट संपली असं समजलं जातं.

गृहभेटीत कामं दोन. घरातल्या माणसांना त्यांच्या तब्येतीसाठी एखादी गोष्ट स्वतः करता यायला हवी, हे पहिलं. जे घरात होण्यासारखं नाही त्यासाठी ती माणसं आरोग्य व्यवस्थेच्या योग्य पायरीवर वेळेत पोचायला हवीत, हे दुसरं. या पाठवण्यालाच रेफरल म्हणतात. यातलं दुसरं काम फार वेळा अर्धवट राहतं, म्हणून या लेखात त्यावर जास्त जोर आहे.

टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

फोल्डर, म्हणजे त्या कुटुंबाच्या आरोग्याच्या नोंदींची फाईल, वाचूनच निघा. मागच्या भेटीत काय ठरलं होतं, कोणाच्या लसीची किंवा तपासणीची तारीख उलटली आहे, कोणाला कुठे पाठवलं होतं आणि तिथून काही उत्तर आलं का, एवढं तरी शोधा. त्यातून निघालेले तीन प्रश्न कागदावर लिहून घ्या. फोल्डर न वाचता गेलेला विद्यार्थी त्याच आईला तिसऱ्यांदा विचारतो, “मुलं किती?” आणि आई मनातून दार लावून घेते.

मग आपल्या भागातल्या आरोग्य सेवेचा कागद तयार करा. पहिल्या पायरीचं केंद्र, त्यावरचं रुग्णालय आणि विशेष उपचारांचं मोठं रुग्णालय या तीन पायऱ्या परीक्षेत सगळे लिहितात. पण गर्भवतींची तपासणी कोणत्या वारी, केस पेपर किती वाजेपर्यंत निघतो, रात्री कोण भेटतं, रुग्णवाहिकेचा नंबर काय, हे विचारलं की शांतता पसरते. आईला पायऱ्यांची नावं नको असतात, तिला वार आणि वेळ हवी असते. ही माहिती केंद्रात स्वतः जाऊन विचारा. जुन्या विद्यार्थ्यांच्या वहीतून उतरवू नका, वेळा बदललेल्या असतात.

उद्दिष्ट लिहिताना क्रियापद तपासा. ‘आईला हात धुण्याचे महत्त्व समजेल’ हे मोजता येत नाही. ‘भेटीच्या शेवटी आई बाळाला भरवण्याआधी साबणाने हात धुऊन दाखवेल’ हे डोळ्यांनी दिसतं. समजेल, जाणेल, पटेल ही क्रियापदं खोडा. सांगेल, दाखवेल, करेल ही वापरा.

प्रतिबंधाच्या पातळ्याही इथेच घोळतात. आजार नाही आणि तो होऊ नये म्हणून लस, तर तो प्राथमिक प्रतिबंध. लक्षणं नसलेल्या माणसाचं बीपी मोजून लपलेला आजार लवकर पकडणं म्हणजे द्वितीयक प्रतिबंध. पण बहुतेक केस बुकांत ते ‘प्राथमिक’ म्हणून लिहिलेलं असतं. झालेल्या आजाराचे परिणाम कमी करणं, उदाहरणार्थ पक्षाघातानंतरचे व्यायाम, हा तृतीयक प्रतिबंध.

शेवटी घरांचा क्रम लावा. नवजात बाळ आणि बाळंतीण आधी, मग गर्भवती, मग इतर, आणि संसर्गजन्य आजाराचा रुग्ण सगळ्यात शेवटी. रस्ता सोयीचा पडतो म्हणून हा क्रम उलटू नका.

तपासा: तीन प्रश्न, सेवांचा कागद, एक मोजता येणारं उद्दिष्ट आणि घरांचा क्रम. यातलं एक जरी नसेल तर अजून निघू नका.

टप्पा २: बॅग

गृहभेटीला सामान नेण्याच्या बॅगेच्या नियमांचा उद्देश एकच: एका घरातले जंतू दुसऱ्या घरात जाऊ नयेत. हे लक्षात ठेवलं की पुढचा क्रम घोकावा लागत नाही.

घरात स्वच्छ, कोरडी जागा मागा. तिथे कागद अंथरा आणि त्यावर बॅग ठेवा. जमिनीवर, अंथरुणावर किंवा आजारी माणसाच्या पायाशी बॅग ठेवायची नाही. हात धुण्याचं सामान बॅगेच्या वरच्या कप्प्यात असतं. ते काढून घ्या, बॅग बंद करा आणि हात धुवा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हात दिसायला स्वच्छ असतील आणि हॅंडरब (हातांवर चोळायचं जंतुनाशक) वापरत असाल तर २० ते ३० सेकंद, हात पूर्ण सुकेपर्यंत. मग बॅग उघडा, या भेटीत लागणाऱ्या सगळ्या वस्तू एकदम बाहेर काढा आणि बॅग पुन्हा बंद करा. काम झालं की वापरलेल्या वस्तू आधी स्वच्छ करा, हात धुवा आणि मगच त्या आत ठेवा. कागदाची खालची, जमिनीला लागलेली बाजू आत येईल अशी घडी घाला.

सावध: कामाच्या मध्येच ‘थर्मामीटर राहिला’ म्हणून त्याच हातांनी बॅग उघडणं ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक. राहिलाच असेल तर हात धुवा, मग उघडा. वापरलेला थर्मामीटर न पुसता आत गेला तर ती बॅग पुढच्या घरी नेण्याच्या लायकीची राहत नाही.

टप्पा ३: दारात आणि पहिली पाच मिनिटं

स्वतःचं नाव, आपण कोण, कुठून आलो आणि साधारण किती वेळ लागेल, हे सांगा. मग विचारा, “आता बोललं तर चालेल का?” हा प्रश्न औपचारिकतेपुरता नसावा. समोरची व्यक्ती नको म्हणाली तर दुसरी वेळ ठरवून निघायचं. नकाराची नोंद ‘सहकार्य केले नाही’ अशी करू नका. ‘घरात पाहुणे होते, गुरुवारी बोलावले’ अशी जे घडलं तशी करा.

घरात बसायला जिथे देतील तिथे बसा आणि समोरच्याच्या उंचीला या. नाकाला रुमाल लावणं, भिंतींकडे टक लावून बघणं, सोबतच्या मैत्रिणीशी वेगळ्या भाषेत कुजबुजणं, यातली एकही गोष्ट झाली की पुढचं सगळं शिकवणं वाया जातं.

दुर्लक्ष होत असलेलं मूल, मारहाणीच्या खुणा, घरातल्या वादाची चाहूल असं काही दिसलं तर सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका. एकटेपण मिळेल तेव्हा विचारा आणि लगेच आपल्या पर्यवेक्षक सिस्टरांना कळवा. तुम्हाला स्वतःला धोका वाटला तर कारण सांगून बाहेर पडा.

टप्पा ४: आधी धोक्याची लक्षणं, मग बाकीचं

लांबलचक माहितीचा तक्ता भरायला घेण्याआधी घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाकडे बघा. पाच वर्षांखालच्या मुलात चार गोष्टी आधी: काही पिऊ शकत नाही किंवा अंगावर ओढत नाही, घेतलेलं सगळं उलटून पडतं, झटके आले, मूल सुस्त किंवा बेशुद्ध आहे. यातलं एक जरी असेल तर तक्ता बाजूला ठेवा आणि थेट टप्पा ७ वर जा. गर्भवतीत रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी आणि नजर धूसर होणं, झटके, बाळाची हालचाल कमी होणं, यांसाठीही हाच नियम.

धोका नसेल तर मोजमापाला लागा. इथे घाई झाली की आकडा खोटा येतो आणि खोट्या आकड्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

बीपी: आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, तंबाखू किंवा श्रम नकोत. पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर नाहीत, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर आधार दिलेला. दंडाला कफ (बीपीच्या यंत्राचा पट्टा) लहान पडला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. हात लोंबता असला किंवा माणूस बोलत असला तरीही तेच होतं. एक-दोन मिनिटांच्या अंतराने निदान दोनदा मोजा. एकदा १४०/९० आलं म्हणून “तुम्हाला बीपी आहे” असं सांगून मोकळं होऊ नका. आजाराचं निदान डॉक्टर करतात, वेगवेगळ्या दिवशी मोजून. १८०/१२० किंवा त्याहून जास्त असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं असं काही असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय.

मुलाचा श्वास: पूर्ण एक मिनिट मोजा, मूल शांत असताना, कपडा वर करून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं चालत नाही, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ ते ११ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास.

दंडघेर: ६ ते ५९ महिन्यांच्या मुलात ११५ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे अतितीव्र कुपोषण. पट्टी आवळायची नाही, सैलही सोडायची नाही.

मोजमाप चालू असतानाच ऐका. “पाणी उकळता का?” असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. “प्यायचं पाणी घरात आल्यापासून पेल्यात जाईपर्यंत त्याचं काय काय करता?” असं विचारा, खरं चित्र मिळेल.

टप्पा ५: एकच विषय निवडा

घरात सहा अडचणी दिसतील. सहाही बोललात तर एकही राहणार नाही. निवडताना दोन प्रश्न: कोणत्या गोष्टीने लवकर आणि मोठं नुकसान होऊ शकतं? आणि आज या घराला कोणती गोष्ट करावीशी वाटते? दोन्हींचं उत्तर एकच आलं तर उत्तम. नाही आलं तर तातडीची गोष्ट तुम्ही मांडा, पण त्यांच्या काळजीलाही आज काहीतरी उत्तर द्या.

तंबाखू सोडायला आज तयार नसलेल्या माणसापुढे कॅन्सरची चित्रं धरून काही साधत नाही. “सोडावीशी कधी वाटली होती का? तेव्हा काय झालं?” एवढं विचारा, तो सांगेल ते ऐका, नोंदवा, पुढच्या भेटीत तिथूनच सुरू करा. तयार असेल तर सोडायची तारीख आजच ठरवा.

टप्पा ६: सांगा, दाखवा, करून घ्या

एका पोस्टिंगला मी एका विद्यार्थिनीच्या मागे उभी होते. चौदा महिन्यांच्या बाळाला आदल्या दिवसापासून जुलाब. बाळ पीत होतं, डोळ्यांत जाग होती. मुलीने ओआरएसबद्दल, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल, छान सांगितलं. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मुलगी उठायला लागली तेव्हा मी आईला म्हटलं, “आत्ताच एकदा करून दाखवता का?” आईने एक पेला घेतला, पाकिटाचा कोपरा दातांनी फोडला, अंदाजाने अर्धं पाकीट त्या पेल्यात ओतलं आणि उरलेल्या अर्ध्याची बारीक घडी करून डब्याखाली सरकवली. ‘उद्याला लागेल,’ म्हणाली. पाकीट एक लिटरचं होतं. पेल्यातलं ते पाणी हवं त्याच्या दुपटीहून अधिक दाट झालं होतं, आणि इतकं दाट पाणी बाळाच्या रक्तातलं मीठ धोकादायक पातळीवर नेऊ शकतं. आईचं काही चुकलं नव्हतं. ती काटकसर करत होती आणि पाकीट एकदम कालवायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ‘पाण्यात कालवून पाजा’ एवढंच तिच्या कानांवर पडलं होतं.

म्हणून या टप्प्याचा क्रम असा ठेवा.

१. आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारा. बरोबर असेल ते बरोबर म्हणा.

२. थोडक्यात सांगा, जास्तीत जास्त तीन मुद्दे. ओआरएससाठी ते असे: पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचणं, कारण काही पाकिटं एक लिटरची असतात आणि काही २०० मिलिलिटरची, पूर्ण पाकीट एकाच वेळी कालवणं, आणि २४ तासांनंतर उरलेलं फेकून देणं.

३. त्यांच्याच भांड्यात दाखवा. तुमचा मोजमापाचा जार तुमच्यासोबत परत जाणार आहे. त्यांच्या घरातली कोणती भांडी किती भरली की एक लिटर होतं, ते एकदा मोजून ठरवा आणि भांड्यावर खूण करून द्या.

४. त्यांच्याकडून करून घ्या, तुम्ही गप्प राहून. मध्येच हात घालायची ओढ आवरा.

५. उलटून विचारा. “समजलं का?” हा प्रश्न कायमचा सोडून द्या, त्याचं उत्तर ‘हो’ असंच असतं. त्याऐवजी, “मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं तर त्यांना काय सांगाल?” चुकलं तर चूक तुमच्या सांगण्याची धरा आणि वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा.

प्रमाणही त्यांच्या पेल्यातच सांगा. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध आणि खाणं बंद करायचं नाही. झिंकच्या गोळ्या सुरू असतील तर जुलाब थांबले तरी पूर्ण १० ते १४ दिवस द्यायच्या. गोळी चालू करण्याचा निर्णय तुमचा नाही, पण ती मध्येच सुटली आहे का हे बघणं तुमचं काम आहे.

तपासा: डोळे खोल गेले, चिमटीतली त्वचा सावकाश परत जाते, मूल मलूल आहे किंवा शौचात रक्त आहे, यातलं काही दिसलं तर शिकवणं थांबवा आणि पुढच्या टप्प्यावर जा.

टप्पा ७: रेफरल

‘दवाखान्यात जा’ याला रेफरल म्हणत नाहीत. रेफरलमध्ये पाच गोष्टी ठरतात: कुठे, कोणाकडे, कधी, काय सोबत न्यायचं आणि कसं जायचं.

तातडी तीन शब्दांत सांगा: आत्ता, आज किंवा या आठवड्यात. ‘लवकर’ हा शब्द वापरू नका. प्रत्येक घरात त्याचा अर्थ वेगळा. ‘आत्ता’ असेल तर घरातूनच सिस्टरांना फोन करा, वाहन ठरेपर्यंत तिथेच थांबा आणि मूल पिऊ शकत असेल तर वाटेत ओआरएसचे घोट देत राहायला सांगा. धोक्याचं लक्षण असताना पहिल्या पायरीवर तपासणी किंवा उपचार होणार नसतील, तर थेट वरच्या रुग्णालयात पाठवायचं का, हे फोनवरच विचारून घ्या. त्या कुटुंबाला दोन ठिकाणी फिरवू नका.

चिठ्ठीत नाव, वय, तारीख, वेळ, काय आढळलं ते आकड्यांत, आतापर्यंत काय दिलं, कशासाठी पाठवलं आणि तुमच्या विभागाचा संपर्क, एवढं हवं. ‘बाळ अशक्त वाटते’ असं लिहिलं तर समोरच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘श्वास मिनिटाला ५४, वय ८ महिने, काल रात्रीपासून ताप’ हे वाचताच त्यांना तातडी कळते. चिठ्ठीचा खालचा भाग उत्तरासाठी मोकळा ठेवा.

चिठ्ठी देऊन झाली की अडथळे विचारा, आणि नेमके विचारा. “सोबत कोण येईल? मोठ्या मुलीला कोण बघेल? आजची मजुरी बुडेल का? तिथे गेल्यावर कशाची भीती वाटते?” बहुतेक रेफरल या चार प्रश्नांवर अडतात. आईला जायचं नसतं असं फार क्वचित होतं. तिला जाता येत नसतं. अडथळा कळला तर तोडगा निघतो: दुसरी वेळ, शेजारीण, आरोग्य कार्यकर्तीची सोबत.

टप्पा ८: नोंद

त्याच दिवशी लिहा. जे दिसलं, ऐकलं, मोजलं ते लिहा. ठरवलेलं मत लिहू नका. ‘आई निष्काळजी’ याऐवजी ‘दुसरा डोस राहिला, आई सांगते की केंद्राची वेळ संपल्यावर ती पोचली’. पहिल्या वाक्याने पुढचा विद्यार्थी त्या घरी तोंड वाकडं करून जाईल. दुसऱ्याने तो केंद्राची वेळ घेऊन जाईल.

शिकवल्याची नोंद अशी करा: ‘आईने एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट स्वतः कालवून दाखवले, २४ तासांचा नियम विचारल्यावर सांगता आला नाही, पुन्हा सांगितला.’ जे जमलं नाही तेही लिहा. पुढची भेट तिथून सुरू होते.

फोल्डरचा फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नका. नाव झाकलं तरी नाही.

टप्पा ९: पाठपुरावा

रेफरलच्या यादीसाठी वहीचं एक पान राखा: कोणाला, कुठे, कधी पाठवलं, पोचले का, तिथे काय झालं, परत आल्यावर काय करायचं. ‘आत्ता’च्या रेफरलची चौकशी त्याच दिवशी, ‘आज’ची दुसऱ्या दिवशी, बाकीच्यांची आठवड्याच्या आत. पोचले नसतील तर पुन्हा घरी जा आणि अडथळा पुन्हा विचारा. तेव्हा सांगितलेला आणि खरा अडथळा वेगळा असू शकतो.

पोस्टिंग संपताना ही यादी उघडून बघा. एकच अडचण तीन-चार घरांत निघाली, समजा नळाला पाणीच एक दिवसाआड येतं म्हणून हात धुणं राहतं, तर प्रत्येक आईला वेगळं शिकवत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओटावा (कॅनडा) इथल्या परिषदेतून निघालेल्या १९८६ च्या सनदेत आरोग्य संवर्धनाच्या कामाची पाच क्षेत्रं सांगितली आहेत: आरोग्याला पोषक धोरण, पोषक परिसर, समुदायाची कृती, व्यक्तीची कौशल्यं आणि आरोग्य सेवांना नवी दिशा. विद्यार्थी जवळपास नेहमी चौथ्यावरच काम करतात. पाण्याचा प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या क्षेत्रातला आहे. तो किती घरांत आहे ते मोजून, लेखी, आपल्या शिक्षकांमार्फत आरोग्य केंद्राच्या पुढच्या बैठकीत ठेवा.

ज्या रेफरलचं उत्तर अजून आलेलं नाही, त्यांची नावं फोल्डरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा आणि तुमच्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात फोल्डर देताना ती वाचून दाखवा.